दारूखाना ते सोनेगाव

जहाजे मोडीत काढण्याच्या धंद्यासंबंधीचा हाँगकाँग येथील आंतरराष्ट्रीय करार २६ जून २०२५ रोजी अखेर अमलात आला. करार संमत झाला होता २००९ साली. निदान पंधरा राष्ट्रांनी त्यास मान्यता द्यावी, जगातील व्यापारी जहाजांच्या एकूण टनभारापैकी ४० टक्के वाटा त्या राष्ट्रांकडे असावा आणि जहाजे तोडण्याची पुरेशी क्षमताही त्यांच्यापाशी असावी, अशा त्याच्या अटी होत्या. भारताने नोव्हेंबर २०१९ मध्ये मान्यता दिली व पुढच्याच महिन्यात जहाजांच्या पुनर्वापराचा कायदा केला. जून २०२३ मध्ये बांगलादेश आणि लायबेरिया आले तेव्हा अटी पुऱ्या झाल्या आणि त्यानंतर दोन वर्षांनी करार लागू झाला. म्हणजे सोळा वर्षे लागली. भांडवलाच्या संरक्षणाचा एखादा करार सोळा वर्षे असा लोंबकळत ठेवला गेला असता काय, हा प्रश्न आम्ही वाचकांवरच सोपवितो.

वर्ध्यात बसून जहाजांवर लिहिण्याचे कारण काय, असे आमचे काही साथी विचारतील. वर्ध्याला समुद्र नाही. तो पाहावयाचा तर रात्रभर रेल्वेने प्रवास करून मुंबई गाठावी लागते. परंतु जुने, जीर्ण, धोकादायक झालेले मोडावयाचे, त्यातून धातू काढून विकावयाचा आणि मोडण्यातला धोका ज्याला दुसरे काम मिळत नाही त्याच्या अंगावर टाकावयाचा, ही जी अर्थव्यवस्था आहे तिचे जहाजतोडणी हे केवळ एक ठळक उदाहरण होय. तिची दुसरी शाखा आमच्याच जिल्ह्यात, देवळी तालुक्यात आहे, आणि ती उर्वरित महाराष्ट्राला फक्त एका दिवसापुरती ठाऊक झाली.

तो दिवस २० नोव्हेंबर २०१८ चा. पुलगावचे केंद्रीय दारूगोळा भांडार हे देशातील सर्वांत मोठ्या भांडारांपैकी एक. मुदत संपलेला किंवा सदोष दारूगोळा केव्हातरी नष्ट करावाच लागतो. सोनेगाव (आबाजी) या गावाजवळच्या मोकळ्या मैदानात खड्डे खणून, त्यांत तो रचून, स्फोट घडवून हे काम होत असे. त्या दिवशी सकाळी जबलपूरच्या खमरिया आयुधनिर्माणीतून आलेल्या मालाच्या पेट्या उतरवीत असताना स्फोट झाला. सहा माणसे मेली, दहाहून अधिक जखमी झाली. मृतांत निर्माणीचा एक कर्मचारी होता. बाकीचे कंत्राटदाराच्या रोजंदारीवर पेट्या उचलण्यास व खड्डे खणण्यास आलेले आसपासच्या गावांतील लोक. स्फोटानंतर मातीत उरणारे तांबे, पितळ आणि लोखंड वेचून भंगारात विकणे हा त्या पंचक्रोशीतील कित्येक घरांचा पोटाचा आधार होता, ही गोष्टही त्याच वेळी बाहेर आली. सोयाबीन आणि कपाशी जेथे कर्ज फेडीत नाहीत, तेथे माणसे फुटलेल्या बाँबगोळ्यांचे पितळ वेचतात. यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. आश्चर्य वाटावयाचे ते हे की, धोकादायक म्हणून ज्या जागेला लष्करी बंदोबस्त असावयाचा, तेथे रोजंदारीचा मजूर मात्र बिनदिक्कत आत जाऊ शकत होता.

याच भांडारात ३१ मे २०१६ च्या रात्री भीषण आग लागली होती. तीत दोन लष्करी अधिकाऱ्यांसह सोळाहून अधिक जण, बहुतेक अग्निशमन दलाचे आणि सुरक्षेचे जवान, कर्तव्य बजावताना मृत्युमुखी पडले. संसदेत चर्चा झाली, चौकशी झाली. दोन दुर्घटनांतील मृत्यूंची तुलना करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु गणवेशातील माणसाच्या मागे निदान सेवापुस्तक असते, निवृत्तिवेतनाचा हिशेब असतो. पेट्या उचलणाऱ्या मजुराच्या मागे सहसा हजेरीच्या वहीतली एक ओळ असते, आणि ती वहीही कंत्राटदाराच्या खिशात असते.

मुंबईत रे रोड स्टेशनाच्या पूर्वेस, गोदीच्या जमिनीवर, दारूखाना म्हणून भाग आहे. त्या नावातील दारू म्हणजे बंदुकीची दारू; इंग्रजी अमदानीतील कोठारांची ती आठवण. (मराठीच्या त्या जुन्या अर्थाने पुलगावचे भांडार हाही दारूखानाच.) तेथील लकडी बंदर, पावडर बंदर या किनाऱ्यांवर कित्येक दशके जहाजे तोडली गेली. अलंगचा किनारा १९८३ साली सुरू झाला. मुंबईतला हा धंदा त्याहून जुना. तोडण्याची रीत फारशी बदललेली नाही. भरतीच्या पाण्यावर जहाज जितके आत आणता येईल तितके आणावयाचे, ओहोटी लागली की ते चिखलात बसते, मग त्याचा पुढचा भाग कापून विंचेने ओढून घ्यावयाचा, आणि सांगाडा हलका होत जाईल तसतसा तो आणखी वर खेचावयाचा. ऑक्सिजन आणि इंधनवायूच्या ज्योतीने पत्रा कापतो तो कटर. दोरखंड आणि साखळ्या सांभाळतात ते खलाशी. कापलेला पत्रा खांद्यावरून गाडीपर्यंत नेणारे बिगारी. हे लोक बहुतांशी उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड आणि ओडिशा येथून येतात, मुकादमाच्या ओळखीने येतात, आणि मुकादमाच्याच ओळखीने राहतात.

या कामात मृत्यू दोन गतींनी येतो. एक गती क्षणाची. जहाजाच्या बंद टाक्यांत गंज चढताना हवेतील प्राणवायू खाल्ला जातो. वरून आत उतरलेला माणूस काही कळण्याआधी कोसळतो आणि त्याला वाचवावयास उतरलेला दुसराही कोसळतो. तेलवाहू जहाजाच्या टाकीत वा नळात तेलाची वाफ उरलेली असेल आणि ती तपासून काढलेली नसेल, तर कटरची ज्योत लागताच स्फोट होतो. अलंग येथे ऑगस्ट २००९ मध्ये एका जहाजावर आग लागून सहा कामगार मेले; जून २०१४ मध्ये तेथेच झालेल्या स्फोटात पाच मेले. पाकिस्तानातील गदानी येथे १ नोव्हेंबर २०१६ रोजी एका तेलवाहू जहाजावर झालेल्या स्फोटांत पंचवीसहून अधिक कामगार प्राणास मुकले. मुंबई, अलंग, गदानी, चितगाव या ठिकाणांची राष्ट्रगीते निरनिराळी असली तरी टाकीतील वाफेला त्याची खबर नसते.

दुसरी गती वर्षांची, आणि ती अधिक दगलबाज. जुन्या जहाजांच्या यंत्रघरात, बाष्पकांच्या आणि नळांच्या भोवती उष्णतारोधक म्हणून ॲस्बेस्टॉस गुंडाळलेले असते. ते हातांनी ओरबाडून काढले की त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत मिसळतात आणि फुफ्फुसात रुतून बसतात. त्यापासून होणारा कर्करोग वीस ते चाळीस वर्षांनी प्रकट होतो. रंगात शिसे असते, ते ज्योतीने वाफ होऊन श्वासात जाते. तांब्यासाठी विजेच्या तारा जाळतात, त्यांच्या वेष्टनातून विषारी धूर निघतो. जहाजाच्या तळाला शंख-शिंपले चिकटू नयेत म्हणून जो कथिलयुक्त रंग लावीत, त्याच्यावर पुढे आंतरराष्ट्रीय बंदी आली, परंतु तोवर रंगविलेली जहाजे ज्या खाडीत खरवडली गेली तेथील चिखलाला बंदीचा उपयोग नाही. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीपुढे २००६ साली अलंगच्या कामगारांच्या तपासणीचे जे निष्कर्ष आले, त्यांत तपासलेल्या कामगारांपैकी सुमारे १६ टक्क्यांच्या छातीच्या क्ष-किरण चित्रांत ॲस्बेस्टॉसच्या विकाराची प्राथमिक चिन्हे दिसली होती. नमुना लहान होता हे खरे. परंतु ती माणसे आज कोठे आहेत? ओडिशातल्या वा झारखंडमधल्या एखाद्या खेड्यात, साठीच्या घरात आलेला, दम लागणारा एक म्हातारा आहे. गावचा डॉक्टर त्याला क्षय झाला म्हणतो. त्याच्या खोकल्याचा आणि अलंगच्या यंत्रघराचा संबंध जोडणारा कागद जगात कोठेही नाही.

प्रस्तुत लेखकाने तीस-पस्तीस वर्षे महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकविले. उत्पादनाचा जो खर्च उत्पादकाच्या हिशेबात येत नाही व त्रयस्थाला भोगावा लागतो, त्यास आम्ही ‘बाह्य परिणाम’ म्हणत असू आणि उदाहरण म्हणून गिरणीचे धुराडे फळ्यावर काढीत असू. हे उदाहरण विद्यार्थ्यांना फार सोयीचे होते, कारण त्यात धूर कोणाच्या घरात गेला हे सांगावे लागत नसे. जहाजतोडणीत ते सांगावेच लागते. व्यवहार असा होतो: पंचवीस-तीस वर्षे चाललेले जहाज मालक एका दलालाला रोख पैशाने विकतो. किंमत ठरते जहाजाच्या रिकाम्या वजनावर, टनामागे. दलाल जहाजाचे नाव बदलतो, बहुधा झेंडाही बदलतो. कोमोरोस, पलाऊ, सेंट किट्स अशा चिमुकल्या राष्ट्रांचे झेंडे शेवटच्या प्रवासापुरते भाड्याने मिळतात. मग जहाज दक्षिण आशियातल्या कोणत्या तरी किनाऱ्यावर येते. युरोपातील गोदीत तोडणारा जितका दर देऊ शकतो त्याहून कितीतरी अधिक दर येथला तोडणारा देतो. का देतो? येथे लोखंडाला सळयांच्या भट्ट्यांचे गिऱ्हाईक आहे, खुर्च्यांपासून बाष्पकांपर्यंत सर्व काही विकले जाते, हे एक कारण झाले. परंतु मोठे कारण असे की, विष वेगळे काढण्याचा, ते सुरक्षित पुरण्याचा, कामगाराला श्वसनयंत्र देण्याचा आणि त्याच्या म्हातारपणीच्या आजाराची तरतूद करण्याचा खर्च येथल्या हिशेबात नाही. दोन दरांतील या तफावतीचा बराच भाग म्हणजे कामगाराने आपल्या फुफ्फुसातून हॅम्बर्गच्या वा पिरायसच्या जहाजमालकाला दिलेले अनुदान आहे. गरीब देशाने श्रीमंत देशाला दिलेल्या या साह्याची नोंद कोणत्याही ताळेबंदात सापडावयाची नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यांत मात्र तोडलेले लोखंड ‘उत्पादन’ म्हणून जमेस येते.

क्लेमांसो आणि विक्रांत या दोन विमानवाहू नौकांची कथा येथे सांगण्यासारखी आहे. क्लेमांसो फ्रान्सच्या नौदलाची. ती ॲस्बेस्टॉससह तोडण्यासाठी अलंगला पाठविली गेली. फ्रान्समध्ये आणि भारतात पर्यावरणवादी व कामगार संघटनांनी गदारोळ केला, प्रकरण दोन्ही देशांच्या न्यायालयांत गेले, आणि फेब्रुवारी २००६ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी ती परत बोलाविली. पुढे ती इंग्लंडात हार्टलपूल येथील गोदीत तोडण्यात आली, संरक्षक पोशाख घातलेल्या कामगारांकडून. आता आपली विक्रांत पाहा. तिचा सांगाडा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडात घातला गेला; १९६१ साली ती आपल्या नौदलात आली, १९७१ च्या युद्धात तिने मोठी कामगिरी केली, १९९७ साली ती निवृत्त झाली व पुढे काही वर्षे संग्रहालय म्हणून मुंबईत उभी होती. अखेर सुमारे ६० कोटी रुपयांना तिचा लिलाव झाला आणि नोव्हेंबर २०१४ पासून दारूखान्यात ती तोडली गेली. तिच्या लोखंडाचा अंश असलेली मोटारसायकल २०१६ साली बाजारात आली, आणि लोकांनी ती अभिमानाने घेतली.

विक्रांत वाचवावी म्हणून मुंबईत जी चळवळ झाली, जे अर्ज न्यायालयात गेले, त्यांमागच्या भावनेविषयी आम्हांला आदरच आहे. परंतु त्या साऱ्या चर्चेत जहाजाविषयी जितके बोलले गेले त्याच्या शतांशानेही ते कापणाऱ्या माणसांविषयी बोलले गेले नाही. त्या काळच्या युद्धनौकांत ॲस्बेस्टॉस सर्रास वापरीत, हे क्लेमांसोच्या निमित्ताने आठच वर्षांपूर्वी देशाला कळले होते. फ्रान्सचे ॲस्बेस्टॉस भारतीय कामगाराला नको, हे आपण जगाला ठणकावून सांगितले आणि ते योग्यच केले. आपल्या नौकेतले ॲस्बेस्टॉस त्याच कामगाराने कसे काढले, हे विचारण्याची आपल्याला आठवण राहिली नाही. साम्राज्यवादाच्या विरोधात उभे राहणे सोपे असते. आपल्याच शासनाच्या लिलावापुढे उभे राहणे कठीण जाते.

हाँगकाँग करारात घेण्यासारखे काही आहे. प्रत्येक जहाजावर कोणते घातक पदार्थ कोठे आहेत याची यादी ठेवणे आता बंधनकारक आहे, आणि तोडण्याच्या जागेला परवाना घ्यावा लागतो. टाकी वायुमुक्त आहे असे तपासल्याखेरीज आत ज्योत नेता येणार नाही. हे नियम पाळले गेले तर माणसे वाचतील, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु भरतीच्या चिखलात जहाज बसवून तोडण्याच्या पद्धतीला करार बंदी करीत नाही. जहाजाबाहेर गेलेल्या विषाचे पुढे काय होते, याकडे तो फारसे पाहत नाही. आणि भाड्याच्या झेंड्याचा खेळ त्याने थांबलेला नाही. श्रीमंत देशांनी आपला घातक कचरा गरीब देशांत पाठवू नये अशी बॅसल करारातील दुरुस्ती ५ डिसेंबर २०१९ रोजी अमलात आली, आणि त्याच महिन्यात आपल्या संसदेने जहाजांच्या पुनर्वापराचा कायदा केला. एकीकडे जग जहाजाला कचरा मानावयास निघाले आणि दुसरीकडे आम्ही त्याला कच्चा माल ठरविले. २०२१ च्या अर्थसंकल्पीय भाषणात देशाची जहाजतोडणीची क्षमता २०२४ पर्यंत दुप्पट करण्याचे व त्यातून दीड लाख रोजगार निर्माण करण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले. कामगारांच्या रुग्णालयासंबंधीचे उद्दिष्ट त्या वाक्यात नव्हते.

रोजगाराचा मुद्दा मात्र आम्ही हसण्यावारी नेणार नाही. तो आपल्याच साथींपैकी अनेकांच्या मनात असतो आणि असावयास हवा. जुन्या लोखंडापासून सळया करण्यास खाणीतल्या खनिजापासून पोलाद करण्यापेक्षा कितीतरी कमी इंधन लागते. तेव्हा मोडतोड हा धंदा मुळात वाईट नाही, उलट शहाणपणाचा आहे. तो बंद करा असे सांगणारी, पाच हजार मैलांवरून येणारी सदिच्छा कामगाराच्या ताटातली भाकरी काढून घेते आणि त्याला दुसऱ्या, कदाचित याहून वाईट, कामाकडे ढकलते. या पेचातून वाट काढण्याचे काम कोणी केले असेल तर ते कामगार संघटनेने. हिंद मजदूर सभेशी संलग्न असलेल्या मुंबईच्या गोदी कामगार संघटनेने या शतकाच्या आरंभी दारूखान्यातल्या व पुढे अलंगच्या तोडणी कामगारांत शिरकाव केला. आरंभीच्या मागण्या काय होत्या? पिण्याचे पाणी, प्रथमोपचाराची सोय, ओळखपत्र. क्रांतीच्या पुस्तकात शोभणाऱ्या या मागण्या नव्हेत. परंतु ज्याच्यापाशी ओळखपत्र नाही त्याचा अपघात हा अपघातच ठरत नाही. प्रेत किनाऱ्यावर असते आणि मालक म्हणतो, हा आमच्या कामावर नव्हताच. परप्रांतीय, मुकादमाच्या मुठीतल्या, हंगामी माणसांची संघटना होऊच शकत नाही असे गोदीतले जुने जाणतेही म्हणत असत. ती झाली, अपुरी का होईना, पण झाली.

आता दारूखान्यातले काम ओसरले आहे. मुंबईच्या पूर्व किनाऱ्याच्या पुनर्विकासाचे आराखडे निघाल्यापासून गोदीच्या जमिनीकडे पाहणाऱ्यांची नजर पालटली. उद्या तेथे विहारस्थळे होतील, नौकाविहाराचे धक्के होतील, जमिनीचा भाव चढेल. त्या मातीतले शिसे आणि तेल उपसण्याचा खर्च सार्वजनिक तिजोरीतून होईल. ज्यांनी तेथे पत्रे कापले त्यांचा मात्र त्या चढलेल्या भावावर काडीचाही हक्क नसेल, कारण त्यांची नावे कोणाकडेच नाहीत.

आणि हीच गोष्ट आम्हांला सोनेगावकडे परत आणते. दारूखान्यात आणि अलंगला आपण खाजगी मालकाकडे बोट दाखवू शकतो. सोनेगावात काम शासनाचे होते, माल शासनाचा होता, जमीन आणि बंदोबस्त शासनाचा होता. मधला कंत्राटदार तेवढा खाजगी. कायदा करणारेच कंत्राटदाराच्या आड उभे राहून कायद्याची जबाबदारी झटकू लागले, म्हणजे कुंपणानेच शेत खाल्ले असे म्हणावयाचे. विदर्भाच्या या भागात स्फोटकांचा उद्योग गेल्या काही वर्षांत फार वाढला आहे. नागपूरजवळ बाजारगाव येथे डिसेंबर २०२३ मध्ये नऊ जणांचा बळी गेला, त्यांत सहा स्त्रिया होत्या. जून २०२४ मध्ये धामणा आणि जानेवारी २०२५ मध्ये भंडाऱ्याची आयुधनिर्माणी, अशी ही मालिका पुढे चालू राहिली. आमच्या भूगावच्या पोलाद कारखान्यात ३ फेब्रुवारी २०२१ रोजी भट्टीच्या कामात सुमारे ३८ कामगार भाजले. प्रत्येक वेळी नेते भेटीस येतात, सानुग्रह रक्कम जाहीर होते, चौकशी समिती बसते. समितीचा अहवाल गावकऱ्यांना मराठीत वाचावयास मिळाला, असे एकही उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

वर्ध्याच्या मगनवाडीत बसून जे. सी. कुमारप्पांनी ग्रामोद्योगांचे काम उभे केले. जबलपूरच्या तुरुंगात लिहिलेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी अर्थव्यवस्थांचे जे प्रकार सांगितले, त्यांत पहिला परोपजीवी व्यवस्थेचा, जी ज्याच्यावर जगते त्यालाच मारते. कुमारप्पांशी आम्हा समाजवाद्यांचे यंत्रांच्या प्रश्नावर मतभेद होते आणि ते लपविण्याचे कारण नाही. परंतु जुने जहाज किंवा जुना दारूगोळा मोडण्याच्या आजच्या रीतीला त्यांचा हा शब्द जितका चपखल बसतो तितका आमच्या पाठ्यपुस्तकांतला एकही बसत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. १९४८ चा कारखाने कायदा, १९७० चा कंत्राटी कामगार कायदा आणि १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा हे व्यावसायिक सुरक्षिततेच्या संहितेत विलीन झाले. विलीन होताना ते झिजले. पूर्वी वीस मजूर लावणारा कंत्राटदार कायद्याखाली येत असे, आता पन्नास लावणारा येतो. यंत्रशक्ती वापरणारा दहा कामगारांचा कारखाना ‘कारखाना’ होता, आता वीस लागतात. निरीक्षकाचे नाव ‘निरीक्षक तथा सुविधाकार’ झाले, म्हणजे ज्याने मालकाला जाब विचारावयाचा त्यानेच मालकाची सोय पाहावयाची. एकोणपन्नास मजुरांच्या दोन टोळ्या दोन कंत्राटदारांच्या नावावर दाखविणे किती अवघड आहे, हे ज्याने एकदा मुकादम पाहिला त्याला सांगावयास नको.

तथापि या संहितेविरुद्ध निदर्शने करून थांबणे पुरेसे नाही, असे आमचे मत आहे. तिच्यातच दोन कलमे अशी आहेत की जी पकडून ठेवली पाहिजेत: प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र, आणि ठरावीक वयावरील कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्यतपासणी. शिवाय जीवितास धोका असलेल्या कामांत, कामगार एकच असला तरी, शासनाला अधिसूचना काढून संहिता लागू करता येते. दारूगोळा नष्ट करणे व जहाज तोडणे यांच्याइतकी धोक्याची कामे दुसरी कोणती? ही अधिसूचना काढावी, अशी स्पष्ट मागणी प्रत्येक जिल्हा कार्यालयात लेखी गेली पाहिजे. आणखी एक हत्यार तर तीस वर्षे गंजत पडले आहे. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग असल्याचे सांगून असा आदेश दिला की, कामगाराच्या आरोग्याची नोंद कामास लागल्यापासून चाळीस वर्षे, किंवा काम सुटल्यापासून पंधरा वर्षे, यांपैकी जी मुदत अधिक लांब असेल तोवर जपून ठेवावी. या न्यायाने १९९५ साली अलंगला वा दारूखान्यात ॲस्बेस्टॉस काढणाऱ्या माणसाची नोंद २०३५ पर्यंत कोणाकडे तरी असावयास हवी. ती कोणाकडे आहे, हे माहितीच्या अधिकाराखाली विचारण्यास मुंबईच्या साथींना मोर्च्याची गरज नाही. दहा रुपयांचा अर्ज पुरेल.

वर्धा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांसाठी काम याहूनही साधे आहे. भांडारासाठी, स्फोटकांच्या कारखान्यांसाठी आणि पोलादाच्या भट्टीवर कंत्राटदारामार्फत कामास जाणाऱ्या माणसांची गावोगावची नोंद आपण स्वतः करावी. नाव, वय, कंत्राटदार कोण, काम कोणते, किती दिवस झाले, रोज किती मिळाला, खोकला किंवा कानाचा त्रास आहे काय, एवढे रकाने पुरेत. नोंदीची एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक तहसिलात पोचती करून शिक्का घ्यावा. वही कंत्राटदाराच्या खिशातून निघून गावाच्या कपाटात आली, तर उद्या ‘हा आमच्या कामावर नव्हताच’ असे म्हणणे जड जाईल. सेवाग्रामच्या व सावंगीच्या वैद्यकीय महाविद्यालयांतील तरुण डॉक्टरांना बरोबर घेऊन छातीच्या तपासणीची शिबिरे या गावांत भरविता येतील. असे डॉक्टर मिळतात, त्यांना विचारावे लागते एवढेच. सुरुवात सोनेगाव (आबाजी) येथून करावी, आणि २०१८ साली जे जखमी झाले त्यांच्या घरांपासून करावी.